डोंगर इथेच आहे

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई लगेच "जेवलीस का" वर येते, म्हणून लिहायला बसले. दादाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. न्यू जर्सीची नोकरीची जागा मी घेत नाहीये. शुक्रवारी ऑफिसला तसं कळवून टाकलं. मी इथेच, फिनिक्सला राहणार आहे.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. पुढचं वाच आधी.

दादा-वहिनी जवळ असावेत, पोरांचा लळा लागावा, दुखलं-खुपलं तर हाकेला कोणी असावं, ही तुमची इच्छा मला कळते. मीही त्यावर खूप रात्री घालवल्या. पगार वाढला असता, पण तिकडचं घरभाडं त्यात गेलं असतं. थंडी मला सोसत नाही. इथलं काम हातात बसलेलं आहे, माणसं चांगली आहेत. दादाला मी ही कारणं सांगितली आणि ती खरी आहेत. पण तुमच्यापासून काय लपवायचं? मोठं कारण माझे रविवार आहेत.

आत्या गणपतीत म्हणाली होती, "घरात धड दिवा लावत नाही आणि उन्हातान्हात डोंगर कसले चढते?" आई, तू तेव्हा माझी बाजू घेतलीस, पण तुलाही तो प्रश्न पडतोच, हे मला ठाऊक आहे. म्हणून नीट सांगते.

माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर साउथ माउंटन आहे. शहराचंच उद्यान, पण सोळा हजार एकरांहून मोठं, आणि सगळं उघडं, तापट, तांबूस-काळ्या दगडाचं. इथल्या मूळच्या अकिमेल ओओधाम लोकांचा हा पवित्र डोंगर, ते त्याला मुहदागी दोआग म्हणतात. 2019 साली त्याच्या सोंडा कापून महामार्ग झाला तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला होता, तरी झाला. मी चढते त्या टेलिग्राफ पासच्या वाटेवर खडकांवर जुन्या लोकांनी कोरलेली चित्रं आहेत, गोल गोल आवर्तनं, प्राणी, माणसं. तिथे मी थांबते, हात लावत नाही. डोंगर त्यांचा आहे, मी पाहुणी. तिथला खडासुद्धा घरी आणत नाही.

पहाटे पाचला मी चढायला लागते तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. बहुतेक अमेरिकेसारखी इथे ॲरिझोनात उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळं तासभर मागेपुढे करत नाहीत, त्यामुळे वर्षभर हे साडेबारा तासांचं अंतर हलत नाही. मी वर टेकते तेव्हा आई देवापाशी दिवा लावत असते, हे मला न विचारता माहीत असतं.

चढताना बाबांनी शिकवलेलं तेरा अक्षरी नाम घेते. सपाटीला ते पावलांवर बरोबर बसतं. पुढे चढ उभा होतो, दम लागतो, नाम तुटायला लागतं, मग नुसता "राम" उरतो, आणि शेवटच्या वळणांवर तोही उरत नाही. फक्त श्वास, आणि बुटाखाली खरखरणारी खडी. तिथे माझ्या डोक्यातली सगळी भांडणं थांबतात. नागपूरचं सगळं झालं त्यानंतर मी किती देवळांत बसले, तुम्हीच नेलंत. तिथे रडू यायचं, पण आतलं ओझं तसंच परत घरी यायचं. ते पहिल्यांदा हललं ते या डोंगरावर. बाबा, तुम्ही तेव्हा काही विचारलं नाहीत, त्याबद्दल मी कधी बोलले नाही, पण ते मला फार मोठं होतं.

वर गेल्यावर फोन बंद करून पूर्वेकडे तोंड करून बसते. पाऊस येणार असेल तर क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास आधी येतो. आई, तो वास घेतला की मला आपलं मागचं दार, पहिली सर आणि तू घाईघाईने ओढून घेतलेले पापड आठवतात.

बाबा, एक गंमत फक्त तुमच्यासाठी. इथला सग्वारो निवडुंग दीडशे-दोनशे वर्षं जगतो, चाळीस फुटांच्या वर जातो, पण पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो. आणि उघड्यावर तो सहसा जगत नाही. पालोव्हर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत रुजतो. पालोव्हर्देची सालसुद्धा हिरवी असते, पानं गळली तरी खोड आपलं अन्न करत राहतं. वाटेवर अशाच एका झाडाखाली माझ्या अंगठ्याएवढा सग्वारो आहे. दर वेळी वाकून त्याला बघते. तुमचा विज्ञानाचा तास चालू आहे असंच वाटतं.

अजिंक्यताऱ्यावर तुमच्या खांद्यावर बसून मंगळाईला गेलेली मीच ना? उतरताना तुम्ही म्हणायचात, टाच आधी टेक, मनू. अजून तशीच टेकते.

आता काळजीचं. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस दुपारचा पारा 43 अंशांच्या वर होता, ती बातमी बाबांनी कापून ठेवलीय, आईने सांगितलं. उन्हाळ्यात मी मोठे चढ चढत नाही. साडेचारला निघून सातच्या आत घरी. इशाऱ्याच्या दिवसांत तर शहरच काही वाटा बंद ठेवतं, मी त्या दिवशी घरी बसूनच नाम घेते. निम्मं पाणी संपलं की शिखर दिसत असलं तरी मागे फिरते. पिशवीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, शेंगदाण्याचा लाडू, शिट्टी, आणि कंगवा. हो, कंगवा. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला तर हाताने काढायचा नसतो, कंगव्याने उडवायचा. जिथे दिसत नाही अशा कपारीत हात घालत नाही, म्हणजे सापाचं भय नको. शेजारच्या मैत्रिणीला निघताना आणि उतरल्यावर कळवते. जेवणाचं म्हणशील, तर रविवारी उतरून आले की मऊभात, मेतकूट, तूप. तुझ्या हातचा नाही, पण पोटभर.

आणि तुम्ही दोघं यायचंय. डिसेंबरात. दुपारी वीस अंशांच्या आसपास, कोरडी हवा, बाबांच्या गुडघ्याला बरी. डॉबिन्स पॉइंटपर्यंत गाडीरस्ता आहे, बाबांना एक पायरीही चढायला लागणार नाही. तिथे दगडी बाकावर सगळं शहर पायाशी घेऊन बसू. आईसाठी जवळच मारिकोपात गणपतीचं देऊळ आहे, चतुर्थीला नेईन. तुमची खोली मी आत्तापासून रिकामी करते आहे. कमोडला हँडल बसवून घेतलंय, चहाला आलं मिळतं, मराठी बोलायला माणसं आहेत.

आता ऐका. बाबा, चार भिंतीच्या टेकडीपर्यंत एकट्याने जायचं बंद. डॉक्टर परवानगी देईपर्यंत अंगणातच फेऱ्या, काठी घेऊन, लाज न बाळगता. आई, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, लोणचं एक फोड, एकच. गॅस गीझर लावून दार-खिडकी बंद करून अंघोळ नको, शंभरदा सांगितलंय. पासपोर्ट कपाटात वरच्या खणात आहेत, मुदत बघून मला दोघांच्या पहिल्या पानाचे फोटो आजच पाठवा. दादावर चिडू नका, त्याने मला खूप समजावलं.

आणि बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे मंगळवारी आहे, तो टाळलात तर मी काकांना घरी पाठवेन.

तुमची,
मनू