ड्रायव्हरला रांधायला जागा द्या

मा. संपादक साहेब, स. न. वि. वि.

आमचे हे ट्रेलर चालवतात, इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांतून कंटेनर घेऊन न्हावाशेवा आणि तिकडचा माल भरून परत इंदूर, आणि रस्त्यात स्वतःच्या हाताने जेवण करून खातात. हल्ली ट्रकमधल्या स्वयंपाकाचे व्हिडिओ मोबाईलवर खूप येतात, लोक कौतुकाने बघतात की एवढ्याशा केबिनमध्ये कसं मटण शिजवलं. मला मात्र त्यात फक्त सीटमागे ठेवलेला सिलेंडर दिसतो, आणि बऱ्याचदा गाडी चालूच असते. म्हणून हे पत्र लिहितेय.

ढाबे आहेत की, मग रांधायचं कशाला असं विचारणारे पुष्कळ भेटतात. पहिलं कारण पैसा. मालक ट्रिपमागे खर्ची देतो, त्यातच जेवण, चहा, पंक्चर सगळं, उरेल ते घरी येतं. दुसरं म्हणजे ह्यांना शुगर आहे, आणि ढाब्यावर रात्री बारा वाजता मिळतं काय तर तेलाचा तवंग आलेली भाजी आणि मैद्याची रोटी. म्हणून मी घरूनच तयारी करून देते. मूगडाळ-तांदूळ निवडून त्यात हळद, हिंग, जिरं, मीठ घालून एकेका वेळेच्या पुड्या बांधते, तीन लिटरच्या कुकरमध्ये पाणी ओतून पुडी टाकली की झाली खिचडी. बेसन कोरडं भाजून डब्यात भरते, त्याचं पिठलं लवकर होतं आणि गॅसही कमी लागतो. शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, कांदे, लिंबं. पहिल्या दिवसासाठी दशम्या, दुधात भिजवलेल्या कणकेच्या, त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. मळलेली कणीक मात्र कधीच देत नाही, मे महिन्यात संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये आंबून जाते.

म्हणजे खाण्याची सोय घरची बाई करू शकते हो, पण चूल कुठे पेटवायची हे तिच्या हातात नाही. आणि खरा धोका तिथेच आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर निघून जात नाही, पायाशी, मॅटखाली, सीटखाली साचून राहतो, आणि तिथेच गाडीचं वायरिंग, तिथेच कुणाची बिडी. पावसात काचा चढवून शिजवतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळी, त्याला वासच नसतो, माणसाला कळतही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, फार चांगलं झालं, निमाडच्या उन्हात त्याची गरज होतीच, पण एसी म्हटलं की काचा बंदच राहणार आणि बंद केबिनमध्ये शेगडी म्हणजे जीवाशी खेळ. चालत्या गाडीत तर क्लीनरला कुकर लावायला सांगूच नये, इंदूर-मुंबई रस्त्यावरच्या गणेश घाटाचा जुना उतार काय होता ते ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको. चोवीस व्होल्टवर चालणाऱ्या केटल मिळतात, चहाला ठीक, पण डाळ काही त्यात होत नाही आणि इंजिन बंद ठेवून फार चालवलं की बॅटरी उतरते.

बरं बाहेर उतरून रांधावं तर कुठे? हायवेच्या कडेला गाडी लावली की मागून येऊन कोण ठोकेल सांगता येत नाही. ढाब्यावर लावायची तर तिथलंच खावं लागतं. पंपावर आग पेटवायची नाही, हे बरोबरच आहे. कारखान्याच्या गेटवर तासन्‌तास नंबर लागत नाही, तिथला गार्ड स्टो काढू देत नाही, केमिकलचा प्लांट असेल तर त्याचंही चुकत नाही, पण मग बाहेर तरी एखादी शेड असावी ना. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नसतो, एकटा ड्रायव्हर, त्यामुळे भाजी चिरणं, शिजवणं, भांडी घासणं हे सगळं त्याच्या झोपेच्या वेळातून जातं. १९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती असं लिहिलेलं होतं, आमच्या घरात तरी तो अर्धा तास कधी कुणाला मिळालेला मी बघितला नाही.

सोय करता येते, नाही असं नाही. पेट्रोलियम कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ सुरू केलीत, त्यात झोपायला खाटा, अंघोळीला हौद, प्यायचं शुद्ध पाणी आणि ड्रायव्हरने स्वतः रांधायला वेगळी जागासुद्धा ठेवलीय. ज्याने कुणी ही रांधायची जागा त्या यादीत घातली त्याला ड्रायव्हरचं आयुष्य माहीत असणार. पण देशात अशी ठिकाणं काहीशेच, आणि ट्रक किती आहेत ते बायपासला रात्री उभं राहून बघा.

आपलं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, सराफ्यात अर्ध्या रात्री लोकांना गरम गरम खाऊ घालणारं शहर, छप्पन दुकान या खाऊगल्लीचा रस्ता किती छान करून दाखवला. त्याच शहराचा माल वाहून नेणाऱ्यांसाठी ट्रान्सपोर्टनगर, देवास नाका आणि पिथमपूरच्या पार्किंगजवळ एक-एक पत्र्याची शेड, चारी बाजूंनी मोकळी म्हणजे गॅस साचणार नाही, सिमेंटचे ओटे, नळ, भांडी घासायला मोरी, दिवा आणि कचऱ्याचा डबा, एवढं महापालिकेने, उद्योगवाल्यांनी आणि ट्रान्सपोर्ट असोसिएशनने मिळून करावं. शेगडी आणि पाच किलोचा सिलेंडर ड्रायव्हरकडे असतोच, तो काही कुणाकडे फुकट जेवण मागत नाहीये. आणि एक, नळाला पाणी पहाटे पाहिजे, दुपारी बारानंतर नको, कारण ही माणसं चार वाजता उठून दिवसभराचं करून घेतात आणि उजाडायच्या आत निघतात.

आपली,
एका ट्रेलर ड्रायव्हरची बायको, इंदूर