‘हरित’ डिझेलच्या धुरातला धातू कोण मोजणार?

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
सादर नमस्कार.

पंपावरचे डिझेल पेट्रोलियम खात्याकडे येते, हे ठाऊक आहे. पण गाडीच्या धुराचे नियम आपल्या मंत्रालयातून निघतात, म्हणून हे पत्र आपल्याला.

डिझेलमध्ये धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, मिसळण्यावर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत धडाक्याने संशोधन चालू आहे. सिरियम, झिंक, टायटॅनियम. सोबतीला करंजाचे नाहीतर मोहाचे बायोडिझेल. हल्ली हे कण कडुनिंबाच्या, शेवग्याच्या पानांच्या अर्कातून बनवतात. घातक रसायने टळतात, चांगलेच आहे. पण हिरवी झाली ती बनवण्याची रीत. पाला कुठलाही वापरा, धातू काही जळून नाहीसा होत नाही. तो सायलेन्सरवाटे बाहेर पडतो, नाहीतर आत कुठेतरी साचतो.

सिरियम ऑक्साइडचा गुण मी नाकारत नाही. तो ऑक्सिजन देतो, पुन्हा घेतो आणि काजळी कमी तापमानाला जाळायला मदत करतो. ब्रिटनमध्ये ‘एन्व्हिरॉक्स’ या नावाने तो बसच्या डिझेलमध्ये घातलाही गेला. मात्र धुराच्या बीएस-६ मानकाच्या गाडीत डीपीएफ, म्हणजे धुरातले कण अडवणारी गाळणी असते; तिच्यात अडकलेली काजळी जाळता येते, धातूची राख नाही.

आमच्याकडच्या प्रयोगांचा थाट साधारण असा: एक सिलिंडरचे, १५०० आरपीएमवर चालणारे इंजिन, डीपीएफ नाहीच. अल्ट्रासोनिकेटरमधून (ध्वनिलहरींनी कण मिसळणाऱ्या यंत्रातून) काढलेले मिश्रण ताजेताजेच टाकीत ओतायचे, कारण बाटली ठेवून दिली की तळाशी गाळ बसू लागतो. (तालुक्याच्या पंपावरच्या टाकीत काय होईल, याचा विचार आपणच करावा.) मग कार्यक्षमता थोडी वाढली, धूर घटला, असा शोधनिबंध. धुरात धातू किती, हा तक्ता सहसा सापडत नाही.

इंजिनाची खटखट थांबते म्हणून १९२०च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे आले. आपल्याकडून ते जायला २००० साल उजाडले. सिरियमला मी शिशाच्या पंगतीत बसवत नाही. पण तेव्हाही आधी विक्री आणि मग मोजमाप, असाच क्रम होता.

मागणी एवढीच: असे कोणतेही मिश्रण बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेत डीपीएफ लावलेल्या ट्रकच्या इंजिनावर दीर्घकाळ चाचणी व्हावी, धुरातला धातू व कणांची संख्या मोजावी आणि निकाल प्रतिकूल आला तरी जाहीर करावा. सरकारी अनुदानावरच्या प्रकल्पांना हीच अट आतापासून घालता येईल.

आपला विश्वासू,
यंत्र अभियांत्रिकीचा एक प्राध्यापक, सांगली