ऐंशी टक्के नव्हे, ऐंशी पर्सेंटाइल!

संपादक महोदय,

बारावीच्या निकालानंतर ठाण्यातल्या क्लासच्या फलकांवर ९५ टक्केवाल्यांचे फोटो झळकतात आणि सत्तरीतला विद्यार्थी केंद्राची शिष्यवृत्ती आपल्यासाठी नाहीच असे धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा (२०२० पर्यंतचे मनुष्यबळ विकास मंत्रालय) उच्च शिक्षण विभाग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जी शिष्यवृत्ती देतो, तिची अट ८० टक्क्यांची नसून ८० पर्सेंटाइलची आहे. म्हणजे आपल्या बोर्डातून आपल्या शाखेत जितके उत्तीर्ण झाले, त्यांच्या वरच्या पाचव्या हिश्श्यात असायचे. शाखा वेगवेगळ्या मोजतात, त्यामुळे कला शाखेची रेषा विज्ञानावरून ठरत नाही. गुणपत्रिकेवर ८० टक्के नसलेला विद्यार्थीही तिच्या वर असू शकतो. अर्थात रेषा ओलांडली की पैसे आलेच असे नाही. देशभरात वर्षाला नव्या शिष्यवृत्त्या ८२,०००, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे. पदवीची पहिली तीन वर्षे वर्षाला १२,००० रुपये, पदव्युत्तरला वर्षाला २०,००० रुपये. डिप्लोमा आणि दूरशिक्षणवाल्यांना ती नाही.

एक अट मात्र पालक हमखास विसरतात. राज्याची शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेणाऱ्याला ही मिळत नाही. तेव्हा आधी हिशेब मांडावा. अनुदानित महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम.ची फी बेताची, तिथे १२,००० चे पारडे जड. इंजिनिअरिंगला उलटे: महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची सवलत मोठी, आणि २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) व ओबीसी मुलींना उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. ‘दोन्हीकडे भरून ठेवू, जे येईल ते आपले’ हा बेत अंगाशी येतो.

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. आधी मोबाइलवर चेहरा दाखवून १४ अंकी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) क्रमांक घ्यायचा, मग अर्ज. आपल्याकडची नेहमीची अडचण जिल्ह्याची. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगडात. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ दिसले म्हणून ठाणे निवडले की खारघरचे कॉलेज यादीत सापडत नाही. वसई-विरारही २०१४ पासून पालघरमध्ये आहे. सायबर कॅफेवाला अशा वेळी मिळत्याजुळत्या नावाचे दुसरेच कॉलेज निवडून मोकळा होतो, आणि अर्ज भलत्याच संस्थेकडे जाऊन पडतो.

बँकेचे दुखणे वेगळे. आधार खात्याला ‘लिंक’ असणे (बँकेकडे नोंद) आणि ‘सीड’ असणे (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाकडे नोंद) यांत फरक आहे. सरकारी रक्कम एनपीसीआयच्या नोंदीत शेवटी सीड झालेल्या एकाच खात्यात जाते. मधल्या काळात आधार देऊन दुसरे खाते उघडले आणि संमतीच्या चौकटीवर नकळत टिचकी मारली, तर पैसे तिकडे जातात. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत दिसते, अर्जाआधी ती बघावी.

एवढे सगळे नीट करूनही अर्ज अडतो तो कॉलेजच्या टेबलावर. पहिली पडताळणी संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या माणसाने, करायची असते. तो निवृत्त झाला, बदली झाली, लॉगिनचा ओटीपी त्याच्या जुन्या मोबाइलवर जात राहिला, की मुदत उलटते आणि अर्ज बाद. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्जही ठरलेल्या मुदतीतच दुरुस्त करावा लागतो. विद्यार्थ्याने पोर्टल उघडलेच नाही तर त्याला पत्ताच लागत नाही. नूतनीकरणाचेही तेच. ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी पुरेशी नाही, दरवर्षी नव्याने अर्ज हवाच. दुसऱ्या वर्षी गळणारे बहुधा इथेच गळतात.

मंत्रालय विद्यार्थ्याला तारखा कडक लावते. पडताळणी न करणाऱ्या संस्थेला कोणी विचारत नाही. कोणत्या महाविद्यालयाकडे किती अर्ज पडून राहिले, याची जिल्हावार यादी मुदतीच्या पंधरा दिवस आधी जाहीर करावी. बोर्डानेही शाखावार ८० पर्सेंटाइलचे गुण बारावीच्या निकालाबरोबरच छापावेत. आणि ठाण्यातल्या महाविद्यालयांनी नोडल अधिकाऱ्याचे नाव व भेटीची वेळ प्रवेशाच्या खिडकीवरच लावावी. त्याला तर मंत्रालयाच्या आदेशाचीही गरज नाही.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)