पेंचच्या टेकडीवरच्या फायर वॉचर भाऊंना, नागपूरहून

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावून सांगितलंत, म्हणून लिहीत नाही. पण तुमच्या गावात आणि देवलापारच्या बाजारात हे पत्र कोणासाठी आहे ते लगेच कळेल. यंदा वणव्यात तुमच्या टेकडीचा एक उतार गेला, बाकीची टेकडी वाचली. ती तुम्ही आणि तुमच्या चार-सहा साथीदारांनी वाचवली. त्याबद्दल मनापासून आभार.

मी नागपुरात राहते. आमच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच नदीचं. तोतलाडोह धरण, पुढे नवेगाव खैरी धरण आणि मग शहर. धरणाभोवतीचे उतार जळले की जमिनीवरचा पाचोळ्याचा थर जातो, आणि जूनमधला पहिला जोराचा पाऊस राखेसकट वरची माती नाल्यात ओढून नेतो. उन्हाळाभर पाण्याच्या नावाने ओरडणाऱ्या आम्हा शहरवासीयांना हे माहीत असायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

त्या दुपारी आमचा निसर्ग मंडळाचा गट तुमच्यासोबत बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच्या पट्ट्यात होता. धूर दिसल्यावर तुम्ही आधी आम्हाला खाली उतरवलंत. ‘आगीच्या वरच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही,’ एवढंच बोललात. त्यामागचं कारण संध्याकाळी समजलं. चढावर ज्वाळा वरच्या गवताला पोहोचण्याआधीच त्याला तापवून ठेवतात, त्यामुळे आग माणसाच्या पावलांपेक्षा वेगाने चढते. आणि पेटलेली लाकडं घरंगळत खाली येऊन विझवलेल्या पट्ट्याच्या मागे पुन्हा पेट घेतात. तुमच्याकडे पाला उडवायचा एक ब्लोअर होता, बाकीच्यांच्या हातात हिरव्या फांद्या. पायात साध्या चपला! ८ एप्रिल २०२१ला नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर गेले, ही आठवण तुमच्यातल्या एकाने काढली, आणि सगळे पुन्हा कामाला लागले.

आग विझल्यावर आम्हाला वाटलं, झालं. तुमचं काम मात्र अजून उरलं होतं. अंधारात तुम्ही एकेका खोडाजवळ जाऊन उलटा हात धरून ऊब बघत होतात. एक वाळलेलं, आतून पोकळ झाड बाहेरून थंड वाटत होतं, पण त्याच्या ढोलीत निखारा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला असता तर त्याच झाडातून ठिणग्या उडाल्या असत्या. तुम्ही ढोलीत माती भरलीत, थांबलात, पुन्हा हात लावून पाहिलात.

सकाळी जळालेल्या उतारावर तुम्ही मला रातवा पक्ष्याची दोन अंडी दाखवलीत. रातवा घरटं बांधत नाही, पाचोळ्यातच अंडी घालतो, आणि पाचोळ्याच्या रंगात ती दिसत नाहीत म्हणूनच वाचतात. राखेत ती लांबूनही दिसत होती, एक तडकलेलं. तित्तर आणि लावरीही जमिनीवरच अंडी घालतात. जळालेल्या जंगलाच्या बातमीत हेक्टर असतात, हे कधी नसतं. सांबर, चितळ पळू शकतात. अंडी, जमिनीलगतची पिल्लं, कासव, सरडे यांनी कुठे जायचं? तुम्ही दाखवलेले सागाचे कोंबही आठवतात. मूळ जिवंत असल्याने दर पावसाळ्यात वर यायचे आणि दर एप्रिलमध्ये जळून जमिनीशी टेकायचे. त्यांच्या आजूबाजूला रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, मात्र दाट झालेली.

पण माझे खरे आभार आहेत ते तुम्ही लागूच न दिलेल्या आगींसाठी.

बांबूवर बांबू घासून जंगल पेटतं असं लहानपणी ऐकलं होतं. तुम्ही मला मोहाच्या झाडाखाली नेऊन दाखवलंत की बहुतेक वेळा ते कसं पेटतं. पहाटे फुलं गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळतात आणि धुमसत सोडून घरी जातात. तेंदूला नवा पाला यावा म्हणून कोणी काडी लावतं, महामार्गावरून कोणी जळती बिडी फेकतं. जंगलाला आग लावणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी तुम्ही कोणाला धमकावलं नाहीत, कारण मोहफुलांच्या पैशांवर उन्हाळा निघतो हे तुमच्या घरातलंच आहे. फेब्रुवारीपासून झाडाझाडाखाली जाऊन तुम्ही सांगत फिरलात, ‘मावशी, झाडून घ्या जी, पेटवू नका.’ कोणी ऐकलं नाही तिथे स्वतः खराटा हातात घेतलात.

आता उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर संदेश येतो. ही सोय चांगली आहे आणि हवीच. पण संदेश येतो तो आग लागल्यावर. त्या मावशीने पाला जाळला नाही, याची नोंद कुठल्याही नकाशावर होत नाही, आणि हंगाम संपला की तुमची मजुरीही थांबते. मला हे फार अन्यायाचं वाटतं. तुम्हा लोकांना बूट, विमा आणि बारमाही काम मिळायला हवं. मंडळाच्या वतीने तसं निवेदन वन विभागाला दिलं आहे.

एक काम तुमच्याकडे आहे. मोहाखाली अंथरायला जाळ्या देण्याचं आम्ही ठरवलंय, म्हणजे फुलं जाळीवर पडतील आणि पाला जाळायची गरज राहणार नाही. तुमच्या गावची झाडं किती आणि जाळी साधारण केवढी लागेल, तेवढं कळवा. जाळरेषांची, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळ्या करायच्या पट्ट्यांची, कामं सुरू होण्याआधी घेऊन येतो.

वहिनींना आणि मुलांना नमस्कार सांगा.

तुमची,
नागपूरची ताई