हडळीचा हात

प्रिय दोस्ता,

आठ महिने पत्र नाही, शिव्या भेटल्यावर दे. तब्येत बरी. आईचे गुडघे आहेत तसेच.

मसणवटीतला हडळीचा हात आठवतो ना? कंपाउंडसाठी झुडपं तोडली, त्यात शेंदराचा पोपडा सुटला आणि दगड उघडा पडला. हडळ नाही रे, सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड! खांबातून निघालेला, कोपरात वाकलेला हात, पंजा वर, बांगड्या भरलेल्या. बांगड्या शाबूत, म्हणजे अखंड सौभाग्य. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हिची आठवण. कानडीत मास्तिकल्लु म्हणतात तो हाच. अमावास्येला बोलावते म्हणून अख्खं गाव ओढ्याकडून वळसा घालायचं!

शेजारचा तुझा खवीस म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. वीर आणि कल्लु, म्हणजे दगड; शब्द कानडीतून आलेला. तो खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला नेतात, वर तो शिवलिंगापुढं बसलेला. तळाला गाई आहेत, म्हणजे गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला. घोडा आहे, तिथं तू जिंकलास. पण बिनमुंडक्याचा म्हणायचास ना? मुंडकं आहे की, शेंदराखाली होतं.

आता खरी काळजी. पुढच्या आठवड्यात जेसीबी येणार. असा दगड जमिनीत किती खोल आहे ते खणल्याशिवाय कळत नाही. साखळी लावून ओढला की मधेच मोडतो. कुणी म्हणतं ॲसिडनं धुऊया, कुणी म्हणतं सिमेंटच्या कट्ट्यात बसवूया. ॲसिडनं अक्षरं झिजतात. सिमेंटमागं ओल कोंडते आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बास. तारेचा ब्रश दिसला तर हिसकावून घे.

वीरगळाच्या चौकटींच्या मधल्या पट्टीवर दोन ओळी आहेत, हळेकन्नड, म्हणजे जुनी कानडी. त्यांचा ठसा आधी घ्यायला हवा. दगड भिजवून ओला कागद चिकटवायचा, दाट केसांच्या ब्रशनं ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा, अर्धवट सुकला की शाईची गादी हलक्या हातानं थोपटायची. घाई केली तर शाई पसरते, उशीर केला तर कागद सुटतो. वारा नको, म्हणून पहाटे. फोटो मात्र रात्री, बॅटरी बाजूनं तिरकी धरून. सावलीत अक्षरं उठतात. गावात नवीन भूत उठेल, उठू दे.

नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली फाशी दिली. त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. तिथं कुणी खवीस म्हणत नाही, कारण नाव माहीत आहे. आपल्या वीराचं नावही त्या दोन ओळींत असेल, आणि ते वाचायच्या आधीच दगड मोडला तर मला झोप लागणार नाही.

तुझ्या मेव्हण्याचा पंचायतीत शब्द चालतो. भिंत चार हात पलीकडून घ्या, दगड आहेत तिथंच राहू देत, एवढंच त्याला सांग. आजच फोन कर.

धाकटीची दहावी कशी झाली? वहिनींना नमस्कार. शनिवारी ये, कागद आणि शाई मी आणून ठेवतो.

तुझाच

ता. क. दोन्ही दगडांवर वरून ताडपत्री घालू नका म्हणून पोरांना बजावलंय, आत घाम धरतो.