चूक अभियंत्याची, की त्याच्या हाती दिलेल्या सॉफ्टवेअरची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइल सेवा काही तास ठप्प झाली की मोठी बातमी होते, कंपनी दिलगिरी व्यक्त करते आणि दोन-चार दिवसांनी ‘नियमित देखभालीच्या कामात झालेली चूक’ असा एका ओळीचा खुलासा देऊन प्रकरण मिटवले जाते. नोकरीची बहुतेक वर्षे नेटवर्क नियंत्रण कक्षात काढल्यामुळे हा खुलासा मला नेहमीच अपुरा वाटत आला आहे. कमांड कोणी दिली, याचा शोध लगेच घेतला जातो; पण ज्या सॉफ्टवेअरमधून ती दिली गेली, त्याने ती मुकाट्याने स्वीकारली कशी, हे विचारायचे मात्र राहून जाते.

ग्राहकाला टॉवर दिसतो आणि हातातला फोन दिसतो. या दोहोंमागे असलेल्या बेस स्टेशन (टॉवरवरून फोनशी बोलणारी यंत्रणा), राउटर, फायबर आणि सर्व्हर यांच्या अवाढव्य पसाऱ्यावर लक्ष ठेवणारी, त्यात बदल करणारी आणि बिघाडाची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअरची एक वेगळीच दुनिया असते, जिला या व्यवसायात ओएसएस म्हणतात. बिघाड, रचना, वापराचा हिशेब, कामगिरी आणि सुरक्षा ही नेटवर्क व्यवस्थापनाची पाच अंगे आंतरराष्ट्रीय मानकांनी केव्हाच ठरवून दिलेली आहेत, त्यामुळे काय करायला हवे याविषयी फारसा वाद नाही. ते कसे केले जाते, तिथे खरी अडचण आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. रात्री कुठेतरी खोदकामात फायबर तुटते. त्या फायबरवर अवलंबून असलेले प्रत्येक बेस स्टेशन ‘माझा संपर्क तुटला’ असा अलार्म पाठवते, त्यांच्याशी बोलणारा राउटर वेगळा अलार्म पाठवतो, शेजारच्या साइटवर भार वाढल्याने तिथून आणखी अलार्म येतात, आणि पाहता पाहता अभियंत्याचा पडदा लाल ओळींनी भरून जातो. प्रत्यक्षात घटना एकच असते आणि ती सांगणारी ओळही एकच असते: ट्रान्समिशनच्या, म्हणजे फायबरवरून माहिती वाहून नेणाऱ्या, उपकरणाने दिलेला ‘सिग्नल नाही’ हा अलार्म. पण ती ओळ अनेकदा दुसऱ्याच पडद्यावर असते, कारण रेडिओची उपकरणे एका व्हेंडरची (पुरवठादार कंपनीची), ट्रान्समिशनची दुसऱ्याची, आणि प्रत्येकाने आपापले व्यवस्थापन सॉफ्टवेअर सोबत दिलेले असते. त्यात भर म्हणजे एकाच साइटचे नाव एका पडद्यावर क्रमांकाने, दुसऱ्यावर संक्षेपाने आणि तिसऱ्यावर कधीकाळच्या ठेकेदाराने टंकलेल्या चुकीच्या स्पेलिंगसह नोंदलेले. मग या तिन्ही नावांची सांगड घालण्यासाठी कोणीतरी बनवलेली एक्सेल शीट उघडली जाते. ही शीट कंपनीच्या कोणत्याही अधिकृत प्रणालीत नसते, पण ती नसेल तर रात्रपाळी चालत नाही.

अलार्मची ही गर्दी केवळ त्रासदायक नसते. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेत ९११ या आपत्कालीन क्रमांकाची सेवा सात राज्यांमध्ये सुमारे सहा तास विस्कळीत झाली आणि ६,६०० हून अधिक कॉल मदत केंद्रांपर्यंत पोहोचलेच नाहीत. कॉलना क्रमांक देणाऱ्या एका मोजणीयंत्रणेला सॉफ्टवेअरमध्ये ४ कोटींची मर्यादा घातलेली होती. ती भरली आणि पुढचे कॉल वाटेतच अडले. इथपर्यंत ही प्रोग्रामिंगमधील चूक. पण यंत्रणा अगदीच गप्प नव्हती, तिने इशारे दिले होते. ते कमी महत्त्वाच्या वर्गात मोडत असल्याने त्यांच्याकडे वेळेवर कोणाचे लक्ष गेले नाही. अलार्मची तीव्रता कोणत्या यंत्रात बिघाड आहे यावरून ठरवायची, की त्यामुळे किती जणांचे कॉल लागत नाहीत यावरून, हा प्रश्न सॉफ्टवेअर विकत घेतानाच विचारायला हवा. आजही बहुतेक प्रणाली पहिल्याच निकषावर चालतात.

याहून खोल दुखणे नोंदींचे आहे. कोणत्या साइटवर कोणते कार्ड आहे, कोणत्या पोर्टला कोणती केबल जोडली आहे, याची नोंद म्हणजे इन्व्हेंटरी. ती कामाच्या दिवशी बरोबर असते आणि मग हळूहळू वास्तवापासून दूर जाते: रात्री तातडीच्या दुरुस्तीत केबल एका पोर्टवरून दुसऱ्यावर हलवली जाते, तिकीट (बिघाडाच्या तक्रारीची नोंद) बंद होते, इन्व्हेंटरीतील नोंद तशीच राहते. पुढच्या वेळी ‘मोकळा’ दिसणारा पोर्ट प्रत्यक्षात भरलेला निघतो. किंवा दोन स्वतंत्र मार्ग म्हणून दाखवलेल्या फायबर जोडण्या एकाच चरातून गेलेल्या असल्याचे दोन्ही एकदम तुटल्यावर कळते. उपकरणांकडून माहिती आपोआप गोळा करून ती नोंदींशी ताडून पाहणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. तफावत सापडल्यावर ती कोणी मिटवायची हे ठरवलेले नसते, म्हणून तफावतींची यादी वाढत राहते आणि शेवटी ती पाहणेच बंद होते. (जमिनीखालच्या केबलचे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप काही सांगत नाही; तिथे नकाशावर शेवटी माणसालाच रेघ ओढावी लागते.)

बदल करण्याच्या पद्धतीबाबत तर आश्चर्य वाटावे अशी स्थिती आहे. नेटवर्क चालवणारे आणि इंटरनेटची मानके घडवणारे तज्ज्ञ २००२ मध्ये एकत्र बसले, तेव्हा चालवणाऱ्यांनी स्पष्टच सांगितले की त्या काळची मानक व्यवस्थापन पद्धत देखरेखीला ठीक आहे, पण बदल करण्यासाठी आम्ही अजून उपकरणात शिरून हाताने कमांड टंकतो. त्यातून २००६ मध्ये नेटकॉन्फ हे मानक आले. त्यात एक अत्यंत उपयोगी सोय आहे: बदल लागू करा, पण ठरलेल्या मुदतीत ‘ठीक आहे’ अशी पुष्टी मिळाली नाही, तर उपकरण आपणहून पूर्वस्थितीवर येईल. ही मुदत वेगळी ठरवली नाही तर ६०० सेकंदांची असते. आपल्याच कमांडमुळे आपलाच संपर्क तुटलेल्या अभियंत्याला या दहा मिनिटांचे मोल विचारा. ही सोय सर्व उपकरणांत नसते हे खरे, पण जिथे आहे तिथेही ती वापरणे सक्तीचे नसते, याचे समर्थन मला सापडत नाही.

जुलै २०२२ मध्ये कॅनडातील रॉजर्स या कंपनीचे नेटवर्क कोसळले आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. एका राउटरवरील गाळणी काढून टाकल्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरवर आदळला आणि ते कोलमडले. तेथील नियामकाने करवून घेतलेल्या स्वतंत्र तपासणीत दोन गोष्टी पुढे आल्या, ज्या प्रत्येक कंपनीने भिंतीवर लावाव्यात. पहिली अशी की सात टप्प्यांच्या या कामाची जोखीम सुरुवातीला ‘उच्च’ ठरवली होती. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्याने जोखीम मोजणाऱ्या अल्गोरिदमने सहाव्या टप्प्यासाठी ती ‘कमी’ करून टाकली. म्हणजे कडक तपासणी गळली ती सॉफ्टवेअरच्या हिशेबाने. दुसरी अशी की व्यवस्थापनाचे नेटवर्क त्याच मुख्य नेटवर्कवर उभे होते. ते पडताच दुरुस्ती करणाऱ्यांचा उपकरणांशी संपर्क तुटला आणि नेमके काय झाले हे कळायलाच कित्येक तास गेले. व्यवस्थापनासाठी वेगळी वाट ठेवणे खर्चिक असते, पण तिच्यावाचून उत्तम सॉफ्टवेअरही नेमके हवे त्या क्षणी आंधळे होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टीच्या नेटवर्कवर चुकीच्या रचनेचा एक बदल लागू झाला आणि निदान १२ तास सेवा बाधित राहिली. तेथील नियामकाच्या अहवालानुसार ९ कोटी २० लाखांहून अधिक कॉल अडले, आणि ९११ ला केलेले २५,००० हून अधिक कॉल पोहोचले नाहीत. बदल मागे घ्यायला सुमारे दोन तासच लागले होते. उरलेला वेळ गेला तो एकाच वेळी नेटवर्कवर पुन्हा नोंदणी मागणाऱ्या असंख्य फोनांचा भार नोंदणी यंत्रणेला पेलवेना म्हणून. जुलै २०२२ मध्ये जपानमधील केडीडीआयच्या सेवेत साठ तासांहून अधिक काळ अडथळा राहिला, त्यातही अशाच गर्दीचा मोठा वाटा होता. तरीही ग्राहकांना टप्प्याटप्प्याने परत घेण्याचा सराव नेटवर्कच्या प्रतिकृतीवर करून पाहण्याची सोय या सॉफ्टवेअरच्या मागण्यांत सहसा शेवटच्या पानावर असते, असली तर. एटी अँड टीवरील अहवालात नोंदवलेल्या त्रुटींमध्ये बदलाची सहकाऱ्याकडून फेरतपासणी न होणे हीसुद्धा आहे. दुसऱ्या व्यक्तीच्या मंजुरीवाचून कमांड पुढे जाणारच नाही, एवढी अट सॉफ्टवेअरमध्ये घालणे काही रॉकेटविज्ञान नव्हे.

या सर्वांवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा उतारा सुचवला जातो आणि स्वतःच स्वतःला सांभाळणाऱ्या नेटवर्कच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या आखल्या जातात. माझा त्याला तात्त्विक विरोध नाही. हजारो अलार्ममधून मूळ कारण शोधण्याचे काम यंत्राने केलेलेच बरे. परंतु इन्व्हेंटरी खोटे बोलत असेल, तर यंत्रही चुकीच्याच साइटवर माणूस पाठवील, आणि ते माणसापेक्षा अधिक आत्मविश्वासाने पाठवील. आधी नोंदी, मग अलार्मची शिस्त, मग बदल मागे घेण्याची हमी, आणि त्यानंतर स्वयंचलन, हा क्रम उलटा करू नये.

सुधारणा का होत नाही, याचे एक कारण खरेदीत आहे. नवी पिढी, नवे स्पेक्ट्रम, नवे टॉवर यांची जाहिरात करता येते. नोंदी दुरुस्त केल्याची जाहिरात कोणी करत नाही. कंपन्यांचे विलीनीकरण होते तेव्हा दोघींची जुनी सॉफ्टवेअरे शेजारी शेजारी चालू राहतात आणि मध्ये तात्पुरता म्हणून लिहिलेला जोडप्रोग्राम वर्षानुवर्षे टिकतो. वेगवेगळ्या प्रणालींनी परस्परांशी कसे बोलावे याचे खुले संकेत टीएम फोरमसारख्या उद्योगसंघटनेने तयार केले आहेत, पण करारात ते बंधनकारक केले नाहीत तर व्हेंडर आपली स्वतंत्र चूल सोडत नाही.

माझ्या सूचना मर्यादित आहेत. सेवा मोठ्या प्रमाणावर खंडित झाल्यानंतर नियामकांनी तपासणीचा तांत्रिक भाग, व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या वर्तनासह, प्रसिद्ध करणे बंधनकारक करावे. वर उल्लेखिलेल्या काही घटना आपल्याला इतक्या बारकाव्याने माहीत आहेत त्या अशा अहवालांमुळेच. कंपन्यांनी नव्या उपकरणाचा करार करताना आपोआप पूर्ववत होण्याची सोय आणि खुले जोडसंकेत या अटी किमतीच्या घासाघिशीत सोडून देऊ नयेत. आणि सॉफ्टवेअर निवडणाऱ्या समितीत रात्रपाळी केलेला निदान एक अभियंता असावा, ज्याला व्हेंडरच्या सादरीकरणातील नीटनेटक्या पडद्याऐवजी फायबर तुटल्यानंतरच्या दहाव्या मिनिटाचा पडदा दाखवायला सांगण्याचा अधिकार असेल.

आपला,
नेटवर्क नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेला एक वाचक