पत्त्यातला स्वल्पविराम

संपादक साहेब, नमस्कार. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटरचं काम बघतो. मध्यंतरी सभासदांची सीएसव्ही फाईल (म्हणजे जिच्यात प्रत्येक कॉलम स्वल्पविरामाने वेगळा केलेला असतो अशी साधी मजकुराची फाईल) डेटाबेसमध्ये चढवायला घेतली तर पत्त्यात 'फ्लॅट ४, गणेश पेठ' असा स्वल्पविराम होता, झालं, पुढचे सगळे कॉलम एकेक घर सरकले आणि पिनकोडच्या जागी गाव, मोबाईलच्या जागी पिनकोड! असा मजकूर डबल कोट्समध्ये टाका हे २००५ च्या आरएफसी ४१८० या सीएसव्ही फाईल कशी असावी हे सांगणाऱ्या कागदपत्रात लिहिलंय, पण पाळतंय कोण. त्यात कुणीतरी फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली, म्हणजे ००४५१ नंबरचं खातं ४५१ झालं. फाईल पाठवणाऱ्यांनो, कोट्स टाका आणि तारीख तरी २०२४-०४-०३ अशी लिहा, नाहीतर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च हे आम्ही कुणाला विचारायचं?

— एक वाचक